वायनरींची यादी नको, निवडीची माहिती हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी पडू लागली की आपल्याकडील वृत्तपत्रांच्या पर्यटन पुरवण्यांत नाशिकच्या द्राक्षबागा आणि वायनरी यांवर लेख येतात. नवविवाहितांनी, किंवा लग्नाच्या वाढदिवसाचे निमित्त साधून जुन्या जोडप्यांनीही, तिथे दोन-तीन दिवस घालवावेत असे त्यांत सुचवलेले असते. सूचना चांगलीच आहे. मात्र हे लेख स्वतःच्या मोटारीने तीन-चार तासांत नाशिक गाठणाऱ्या मुंबई-पुण्याच्या जोडप्यासाठी लिहिलेले असतात. एका दिवसात चार वायनरी, दुपारचे जेवण एकीकडे, रात्रीचे दुसरीकडे, अशी त्यांची आखणी असते. विदर्भातल्या वरुड, दर्यापूर, मेहकर किंवा दिग्रसहून रात्रभराचा प्रवास करून जाणाऱ्या नवरा-बायकोला तिचा काडीचा उपयोग नाही. आम्ही दोघे नाशिकला जाऊन आलेलो आहोत आणि गावातली, नात्यातली जोडपी निघण्यापूर्वी आमच्याकडे चौकशी करतात, म्हणून हे सविस्तर पत्र लिहीत आहे.

पहिली गोष्ट म्हणजे एका दिवशी एकच वायनरी पाहावी. हे मी काटकसरीसाठी सुचवत नाही. टेस्टिंगमध्ये साधारण पाच-सहा प्रकारच्या वाइन थोड्या थोड्या देतात. प्रत्येकी 30 मिलिलिटर धरल्या तरी सहा मिळून 180 मिलिलिटर, म्हणजे भरल्या ग्लासापेक्षा अधिक होते. वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण साधारणपणे 12 ते 14 टक्के असते. सकाळी एक आणि दुपारी दुसरी वायनरी केली की संध्याकाळी दोघांपैकी एकाचे डोके दुखते आणि ज्या निवांतपणासाठी घर सोडले तो हातून जातो. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 185 नुसार 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा आहे, आणि पहिल्याच वेळी 10,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणून मुक्काम वायनरीच्या आवारात किंवा अगदी जवळ असावा. नसेल तर जाण्या-येण्याची टॅक्सी आधीच ठरवून ठेवावी, कारण बागांकडच्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर रिक्षा मिळेलच याचा भरवसा नसतो.

कोणती वायनरी, हा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो नावावरून न सोडवता दिशेवरून सोडवावा. नाशिक शहराच्या पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा एकमेकींपासून फार दूर नाहीत, शहरही जवळ. दिंडोरीच्या अंगाला शॅंदों आहे, जिथे फेसाळ वाइन बनते. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या परिसरात, मुकणे धरणाकडे, व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा आहेत. या तीन दिशा एका दिवसात एकत्र करण्याचा हट्ट धरला की अर्धा दिवस मोटारीतच जातो. आपल्या देशात टेस्टिंग रूमची प्रथा रुजवण्यात सुलाचा वाटा मोठा आहे. 2005 पासून तिथे ती सुरू आहे, आणि पहिल्यांदाच जाणाऱ्याला तिथली मार्गदर्शित फेरी समजण्यास सोपी जाते. परंतु शनिवार-रविवारी तिथे जत्रेसारखी गर्दी असते. ज्यांना दोघांनीच शांत बसायचे आहे, त्यांनी मंगळवार-बुधवार निवडावा, किंवा सरळ इगतपुरीची बाजू धरावी. माझे मत विचाराल तर लहान वायनरीच बरी. तिथे माहिती देणारा माणूस घाईत नसतो आणि प्रश्न विचारला तर टाकीपर्यंत नेऊन उत्तर देतो.

आम्ही संत्र्याचे बागायतदार असल्यामुळे आम्हाला बाग पाहण्यातच अधिक गोडी वाटली, हे मोकळेपणाने सांगते. खाण्याच्या द्राक्षाचा वेल मांडवावर किंवा वाय आकाराच्या आधारावर पसरतो. वाइनच्या द्राक्षाचा वेल मात्र तारांवर कुंपणासारखा उभा बांधलेला असतो, त्यामुळे ओळींमधून दोन माणसे आरामात शेजारी शेजारी चालत जाऊ शकतात. घड लहान, मणी बारीक, साल जाड आणि आत बिया. एक मणी तोंडात टाकला तर थॉम्पसन या खाण्याच्या द्राक्षापेक्षाही गोड लागतो, पण सालीचा तुरटपणा जिभेवर मागे राहतो. हीच साल रसासोबत आंबवली की रेड वाइनला रंग आणि तो तुरटपणा मिळतो. व्हाइट वाइनसाठी रस आधीच गाळून वेगळा करतात. आपण संत्र्याची कलमे जंभेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर बांधतो, तसे तिकडे वेलाचे कलम डॉगरिजसारख्या खुंटावर असते. खोडाशी वाकून कलमाची गाठ पाहताना आमच्या यजमानांनी तिथल्या माणसाशी पाण्याच्या ताणाविषयी जो अर्धा तास गप्पा मारल्या, तो आमच्या सहलीतला सर्वात आनंदाचा वेळ होता. शेतकरी जोडप्याने वायनरी निवडताना बागेत प्रत्यक्ष फिरू देतात का, हे फोनवर विचारून घ्यावे. काही ठिकाणी फेरी फक्त टाक्या आणि पिंपांच्या खोलीपुरती असते.

काळाचेही तसेच आहे. वाइनच्या द्राक्षांची तोड साधारण जानेवारी ते मार्च चालते. एप्रिलमध्ये खरड छाटणी झाल्यावर बाग उघडीबोडकी दिसते, आणि तेव्हा गेलेल्यांची निराशा होते. आपल्याकडे जानेवारीच्या सुरुवातीला संत्र्याच्या अंबिया बहाराची तोड उरकलेली असते, मृग बहाराची सुरू व्हायची असते, पुढच्या बहाराच्या बागा पाणी तोडून ताणावर सोडलेल्या असतात आणि कापसाचीही बहुतेक वेचणी झालेली असते. म्हणजे जानेवारीचा पहिला पंधरवडा दोन्हीकडून जुळतो. एक चूक मात्र अनेक जण करतात. 26 जानेवारीची सुटी जोडून बेत आखतात, आणि तो दिवस नेमका ड्राय डे, म्हणजे मद्यविक्री बंद असण्याचा दिवस असल्याने टेस्टिंग बंद असते. 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरचेही तेच. निवडणुकीच्या काळातही आधी विचारल्याशिवाय निघू नये. आणि 2027 मध्ये नाशिकला सिंहस्थ आहे, तेव्हा पर्वण्यांच्या आसपास खोली मिळेल या आशेवर राहू नये.

विदर्भातून जाणाऱ्यांची खरी अडचण पोहोचण्याच्या वेळेची आहे, आणि तिच्याविषयी कुठल्याच लेखात अक्षर नसते. विदर्भ एक्स्प्रेस बडनेरा, अकोला, शेगाव करीत नाशिकरोडला पहाट होण्याआधीच उतरवते. बहुतेक रिसॉर्टमध्ये खोली दुपारी ताब्यात मिळते. मधले इतके तास सामान घेऊन कुठे काढायचे? खोली ठरवतानाच लवकर प्रवेश मिळेल का, त्याचे वेगळे पैसे किती, हे विचारावे. नाही म्हणाले तर पहिल्या सकाळपुरती स्टेशनजवळ साधी खोली घ्यावी, अंघोळ करून, झोप काढून मगच पुढे जावे. रात्रभराच्या जागरणावर, उपाशीपोटी टेस्टिंगला बसू नये. मोटार असेल तर समृद्धी महामार्ग आता नागपूरपासून ठाणे जिल्ह्यातील आमनेपर्यंत, 701 किलोमीटर, पूर्ण खुला आहे आणि इगतपुरीची बाजू त्यावरून सोयीची पडते; पण सरळ रस्त्यावर डुलकी लागते, म्हणून दोघांनीही आलटून पालटून चालवावे किंवा वाटेत थांबे घ्यावेत. त्र्यंबकेश्वरचे दर्शन आणि वायनरी एकाच दिवशी ठेवू नये. दोन्हींना त्यांचा त्यांचा वेळ द्यावा.

जेवणाच्या जागेची निवड हा भाग लोक सर्वात हलक्याने घेतात, आणि सहल तिथेच बिघडते. वायनरींच्या उपाहारगृहांत पिझ्झा, पास्ता, चीज असे पदार्थ अधिक असतात. आपल्या जिभेला सावजी रश्श्याची सवय. दुसऱ्या जेवणालाच ते सपक वाटू लागते. मग माणूस मिरचीचा ठेचा मागवतो आणि त्यावर शिराझ किंवा कॅबर्ने सोव्हिन्यॉन यांसारखी रेड वाइन घेतो, आणि मग वाइन कडू लागते, तिखट आणखी जळते. तुरट रेड वाइन आणि झणझणीत तिखट यांचे जमत नाही. तिखट खायचे असेल तर किंचित गोडसर, चांगली थंड केलेली शेनिन ब्लां ही व्हाइट वाइन घ्यावी. सोव्हिन्यॉन ब्लां ही दुसरी व्हाइट वाइन पनीर टिक्का आणि कोथिंबिरीच्या चटणीबरोबर छान लागते. कमी मसाल्याच्या भाजलेल्या मटणाबरोबर रेड. म्हणून माझी सूचना अशी की दुपारचे जेवण वायनरीत, टेस्टिंगच्या आधी किंवा लगेच नंतर घ्यावे, आणि रात्री मुक्कामाच्या ठिकाणीच साधी भाकरी-पिठले मिळते का ते पाहावे. सकाळी मात्र नाशिकची मिसळ चुकवू नये. पापड, दही आणि पावाबरोबर, झाडाखालच्या खाटेवर बसून ती खाताना जो निवांतपणा मिळतो, तो मेणबत्ती लावलेल्या टेबलापेक्षा कमी नाही. शाकाहारी आणि माळकरी जोडप्यांनी स्वयंपाकघर आणि भांडी वेगळी आहेत का, हे संकोच न करता विचारावे.

फोनवर दिलेला शब्दही पक्का करून घ्यावा लागतो. एका ठिकाणी आम्हाला बागेकडचे टेबल देण्याचे कबूल केले होते. गेल्यावर आतल्या दालनात, मोठ्या आवाजाच्या ध्वनिक्षेपकाशेजारी बसवले आणि आरक्षणाची नोंदच नाही म्हणाले. लग्नाच्या वाढदिवसाला एकमेकांशी ओरडून बोलावे लागले. तेव्हापासून आम्ही व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर घेतल्याशिवाय आगाऊ रक्कम भरत नाही, आणि त्या दिवशी गाण्यांचा कार्यक्रम आहे का हेही विचारतो.

विदर्भातून वाइनविषयी लिहिताना एक गोष्ट टाळून चालणार नाही. वर्धा जिल्ह्यात गांधीजींच्या वास्तव्याच्या स्मरणार्थ दारूबंदी आहे, गडचिरोलीत 1993 पासून आहे, चंद्रपुरात 2015 ते 2021 होती. या लढ्यांत आमच्यासारख्याच बायका रस्त्यावर उतरल्या, कारण दारूने त्यांची घरे उद्ध्वस्त केली होती. त्यांच्याविषयी मला पूर्ण आदर आहे. वाइन ही औषध आहे किंवा ती दारू नव्हेच, असे जे सांगितले जाते ते मला मान्य नाही. म्हणूनच मी म्हणते की अशा सहलीची निवड दोघांनी मिळून करावी आणि ज्याला किंवा जिला प्यायचे नाही, त्या व्यक्तीलाही त्या जागी दिवसभर काही पाहण्या-करण्यासारखे असावे. बायकोला कोपऱ्यात बसवून नवऱ्याने सहा ग्लास चाखायचे, ही दोघांची सहल नव्हे. बाग फिरू देणारी, चांगले जेवण देणारी, धरणाच्या काठी बसू देणारी जागा निवडली तर न पिणाऱ्याचाही दिवस सुखाचा जातो. ज्या घरात दारूचा त्रास होऊन गेला आहे, त्या जोडप्याने तर चिखलदऱ्याला जावे, तिथेही थंडी आणि एकांत दोन्ही आहेत. दारूबंदी असलेल्या जिल्ह्यांतील वाचकांनी तिकडून बाटली घरी आणू नये, हेही लक्षात ठेवावे.

एकत्र कुटुंबात, शेतीच्या रगाड्यात नवरा-बायकोला दोघांपुरते चार शब्द बोलायला वेळ मिळत नाही, हे आपले अनेक वाचक अनुभवत असतील. त्यांनी मोठ्या हौसेने आणि कष्टाच्या पैशाने ठरवलेली सहल अपुऱ्या माहितीमुळे फसू नये, अशी माझी कळकळ आहे. म्हणून आपणांस विनंती की येत्या डिसेंबरच्या पुरवणीत केवळ छायाचित्रे आणि नावे न देता प्रत्येक वायनरीपुढे पुढील माहिती छापावी: नाशिकरोड स्थानकापासूनचे अंतर, मोटारीविना पोहोचण्याची सोय, शेवटच्या फेरीची वेळ, बंद असण्याचे दिवस, टेस्टिंगचा आणि दोघांच्या जेवणाचा अंदाजे खर्च, शाकाहारी जेवणाची व्यवस्था, आणि मराठीतून माहिती सांगणारे कोणी आहे की नाही. आपल्या नाशिकच्या वार्ताहरांना एक-दोन दिवसांत ही माहिती जमवता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक संत्रा उत्पादक वाचक,
ता. वरुड, जि. अमरावती