आई, तुझं मत कळव

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, गेल्या खेपेला पोर्टलंडमध्ये तुम्ही सकाळी ज्या डनिवे पार्कात फेऱ्या मारायचात, ते नाव कोणाचं असं विचारलं होतंत. ते ॲबिगेल स्कॉट डनिवे या बाईंचं. तेव्हापासून मी त्यांच्याबद्दल वाचते आहे.

१८५२ साली ॲबिगेलच्या वडिलांनी इलिनॉयमधलं बस्तान हलवून ऑरेगनला यायचं ठरवलं. इथे जमीन मिळत होती. (ती मुळात इथल्या आदिवासींची होती, हेही विसरता येत नाही.) आई ॲन बाळंतपणांनी खंगलेली, तिचं यायचं मन नव्हतं. तरी नऊ मुलांना घेऊन बैलगाड्या निघाल्या. वाट दोन हजार मैलांहून लांब. सतरा वर्षांच्या ॲबिगेलकडे वडिलांनी रोजनिशी लिहायचं काम दिलं. जूनमध्ये फोर्ट लॅरमीच्या परिसरात ॲनला कॉलरा झाला आणि ती गेली. तिला वाटेच्या कडेलाच पुरलं आणि गाड्या पुढे निघाल्या. ऑगस्टमध्ये धाकटा विलीही गेला. हे सगळं त्या पोरीला स्वतःच्या हाताने लिहावं लागलं.

पुढच्याच वर्षी तिचं लग्न झालं. सहा मुलं, शेत, विकायला लोणी काढायचं, गडीमाणसांचा स्वयंपाक. नवरा बेन भला माणूस, पण मित्राला जामीन राहिला आणि शेत गेलं. सही करताना बायकोला विचारायची रीतच नव्हती. वसुलीची नोटीस मात्र तिच्याच हातात पडली. पुढे अपघातात बेन जायबंदी झाला. मग हिने शाळा चालवली, आल्बनीत बायकांच्या टोप्यांचं दुकान काढलं. दुकानात बायका आपली गाऱ्हाणी सांगत. मताचा हक्क मिळाल्याशिवाय यातलं काही बदलणार नाही, हे तिला बेननेच सांगितलं. त्याबद्दल मला त्याचं फार कौतुक वाटतं.

१८७१ मध्ये तिने पोर्टलंडला ‘द न्यू नॉर्थवेस्ट’ हे साप्ताहिक काढलं आणि सोळा वर्षं चालवलं. सख्खा भाऊ इथल्या मोठ्या दैनिकाचा संपादक, आणि तो विरोधात. ऑरेगनमध्ये बायकांच्या मताचा प्रश्न पाच वेळा मतदानात हरला, १९१२ मध्ये जिंकला. त्याचा जाहीरनामा गव्हर्नरने तिच्याकडूनच लिहून घेतला. तेव्हा ती ७८ वर्षांची होती.

मला वाटतं, या लढ्याची सुरुवात ॲनपासून झाली. लेकीने आईला मनाविरुद्ध गाडीत बसताना पाहिलं होतं.

बाबा, घर विकून कायमचं इकडे यायचं तुम्ही मनावर घेतलंय. तुम्ही याल तर मला आनंदच आहे. पण आई दर वेळी “तुम्ही म्हणाल तसं” एवढंच बोलते. आई, मावशी दोन गल्ल्या पलीकडे आहे, तुझं भजनी मंडळ आहे, तुझ्या गुडघ्यांना इथली थंडी सोसत नाही, हे मला माहीत आहे. पण तुला काय हवंय, ते तुझ्या तोंडून ऐकायचंय. बाबा शेजारी नसताना फोन कर, नाहीतर चार ओळी लिही. नको असेल तर सरळ नको म्हण. मग दर हिवाळ्यात मी येईन, तशी रजा मिळते.

बाबा, तोवर एजंटकडून इसाराचे पैसे घेऊ नका. घर दोघांच्या नावावर आहे.

तुमची,
लेक