कोरलेला दगड वारसा, आणि न कोरलेला?

मा. संपादक, स.न.वि.वि.

कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, आनंदच आहे, पण तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. माणसाने दगडावर रेघ मारली आणि ती शंभर वर्षं टिकली की तिच्यासाठी 1958 चा पुरातत्त्व कायदा आहे, आणि न कोरलेला बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थंड होऊन झालेला आपला काळा दगड, 6.6 कोटी वर्षं जुना असला तरी त्याच्यासाठी स्वतंत्र कायदाच नाही. सातबाऱ्यावर तो पोटखराब, आणि फोडायला काढला की गौण खनिज! खडी करून टाकायला एवढं पुरतं.

अंधेरीची गिल्बर्ट हिल बघा, लाव्हा थंड होताना तयार झालेले सरळसोट खांब, साधारण 200 फूट उंच, आजूबाजूचा दगड खाणींनी खाल्ला आणि आता चारी बाजूंनी बिल्डिंगा. लोणार त्या मानाने नशीबवान, पण तिथेही अभयारण्य आहे ते पशुपक्ष्यांसाठी, 2020 चा रामसर दर्जा पाणथळ जागेसाठी आणि पुरातत्त्ववाले बघतात ती देवळं. बेसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं विवर म्हणून त्याला मान आहे, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकही म्हटलंय, फक्त त्या म्हणण्याला कायद्याचं बळ नाही.

बरं, या जागा ओळखायच्या म्हणजे नुसतं सेल्फीला देखणं काय ते शोधायचं नाही. मेघालयातल्या मावम्लुह गुहेतल्या एका चुनखडीच्या खांबात 4200 वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाची नोंद सापडली आणि 2018 मध्ये पृथ्वीच्या इतिहासातल्या सध्याच्या कालखंडाला मेघालयन नाव मिळालं. बाहेरून बघणाऱ्याला ती चुनखडीच, आणि चुनखडी सिमेंटवाल्यांना हवीच असते.

डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या खाण मंत्रालयाने भू-वारसा कायद्याचा, म्हणजे अशा खडक-जीवाश्मांच्या जागा जपण्याच्या कायद्याचा मसुदा काढला, हरकती मागवल्या, आणि पुढे तो संसदेत काही आला नाही. त्यात सगळी सूत्रं केंद्र सरकार आणि भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या हातात होती, जमीन ताब्यात घेण्याचे अधिकारसुद्धा, आणि यावर टीका झाली ती मला पटते, कारण निघोजच्या कुकडी नदीत पाण्याने खडकात कोरलेले रांजणखळगे गावाने आपले मानले तरच टिकतील, दिल्लीहून कोण रोज बघायला येणार. पण म्हणून मसुदाच बासनात? आपल्याकडे युनेस्कोचा एकही जिओपार्क, म्हणजे भू-वारसा जपणारा मान्यताप्राप्त प्रदेश, नाही, पाचगणी-महाबळेश्वरचा बेसाल्ट 2025 मध्ये जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेलाय, निदान त्या निमित्ताने तरी तो मसुदा ग्रामसभा आणि कॉलेजांचे भूगर्भशास्त्र विभाग सोबत घेऊन परत लिहावा.

आणि तोवर एक काम राज्य सरकारला करता येईल असं वाटतं. खाणपट्ट्याच्या अर्जात एक रकाना वाढवा, या जागेत खांबासारखा खडक, जीवाश्म, गुहा असं काही आहे का, आणि तो भरायला तलाठ्यासोबत भूगर्भशास्त्र शिकलेला एक माणूस जागेवर पाठवा, सुरुंग लावायच्या आधी.

आपला,
एक वाचक