'रिटायरमेंट मानवली हो मास्तर!'

संपादक महोदय,

एसटीत ३४ वर्षं तिकिटं फाडली. उन्हातान्हात रापलेला माझा चेहरा निवृत्तीनंतर वर्षभरात उजळला, तेव्हा पारावर सगळे म्हणायचे, "रिटायरमेंट मानवली हो मास्तर!" मलाही बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? जिना चढताना लागणारा दम मी वयाच्या खात्यावर टाकला.

गावातल्या एका दवाखान्यात 'अशक्तपणा' म्हणून रक्तवाढीचं टॉनिक मिळालं. दोन महिने प्यायलो. शौचाला डांबरासारखं काळं व्हायचं, ते लोहाच्या औषधानं होतंच असं सांगितलं. होतं ते खरंच. पण मला टॉनिकच्या आधीपासूनच तसं होत होतं. ते कुणी विचारलं नाही, मलाही सांगायचं सुचलं नाही.

शेवटी साताऱ्याला एका डॉक्टरांनी खालची पापणी ओढून पाहिली, तळहात पाहिले आणि थेट विचारलं, "गुडघ्यासाठी काय घेता?" मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली वेदनाशामक गोळी, रोज दोन, पुष्कळदा उपाशीपोटी. हिमोग्लोबिन ६.४ निघालं, पुरुषाला १३ तरी हवं. दुर्बिणीतून जठरात व्रण दिसला, थेंबथेंब झिरपणारा. रक्ताच्या दोन पिशव्या चढल्या, ती गोळी कायमची सुटली, व्रण भरला.

कंडक्टरला हे समजायला अवघड नाही. हिशेब तुटला की आधी चामडी पिशवी उसवली आहे का, ते बघायचं. रक्त कमी होऊन येणाऱ्या अशा फिकेपणामागे मूळव्याध असते, जंत असतात, ब-१२ची उणीव असते, किडनीचा आजार असतो. उतारवयात आतड्याचा कर्करोगही असाच गुपचूप रक्त गाळतो, असं डॉक्टर म्हणाले. थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारात तर लोहाची गोळी उलट अपायच करू शकते. मग तपासणीआधी टॉनिकची बाटली हातात का पडते?

त्या दिवशी सोबत आलेल्या आमच्या सौभाग्यवतींचीही पापणी डॉक्टरांनी सहज ओढून पाहिली. हिमोग्लोबिन ९.१. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आहे. ही साठीची, म्हणजे त्या मोजणीतही नाही. लग्नात आमच्याकडे सगळे म्हणाले होते, पोरगी गोरीपान आहे.

– एक निवृत्त वाहक, वाई (जि. सातारा)