पाण्याच्या पाळीत आम्हाला घेणाऱ्या आजीला

प्रिय आजी,

स्पॅनिशमध्ये मी तुला ‘बेसिना’ म्हणते, म्हणजे शेजारीण. पहिल्या आठवड्यात शिकवणीत घोकलेलं आदरार्थी ‘उस्तेद’ लावून मी तुझ्याशी बोलायला लागले, तेव्हा तू हातातली टोपली खाली ठेवलीस आणि म्हणालीस, “उस्तेद डॉक्टरला म्हणायचं. मला तू म्हण.” मराठीत मी माझ्या सख्ख्या आजीलाही तूच म्हणायचे, म्हणून हे पत्रही तसंच लिहिते आहे. तुला ते वाचता येणार नाही. माझी लेक वाचून अर्थ सांगेल. तिची स्पॅनिश आता अगदी तुझ्या वळणाची झाली आहे, शब्दाच्या शेवटचा ‘स’ गिळून टाकणारी. पण मला हे मराठीतच आणि चारचौघांसमोर लिहायचं होतं. तू आमच्यासाठी काय केलंस ते आमच्या माणसांना कळायला हवं.

परवा सान मार्कोसचा सण झाला. तू गावात नव्हतीस. ग्रानादा शहरात लेकीच्या घरी, चौथ्या मजल्यावर, खुब्याचं हाड जुळायची वाट बघत बसली होतीस. तुझ्या दाराला कुलूप बघून मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं होत होतं, आणि रात्री हे लिहायला बसले.

आम्ही 2023 च्या शरदात इथे आलो. घरून संगणकावर काम करणाऱ्यांना स्पेनने त्याच वर्षी नवा व्हिसा सुरू केला होता, आणि आम्हा दोघांची कामं तशीच होती. शहरात राहायचं नव्हतं. सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरच्या आल्पुहार्रातलं हे गाव आम्ही फोटो बघून निवडलं: पांढरी घरं, सपाट छपरं, मागे 3,479 मीटरचं मुलासेन शिखर. फोटोत थंडी दिसत नाही. अंदालुसिया, म्हणजे हा दक्षिण स्पेनचा प्रदेश, म्हटलं की ऊन, एवढंच आम्हाला ठाऊक. नोव्हेंबरात घरात बाहेरपेक्षा जास्त गारठा असतो आणि दगडी भिंती मार्चपर्यंत तापत नाहीत, हे कोणी सांगितलं नव्हतं. माझी लेक कोट घालून अभ्यास करत होती. ते तू खिडकीतून पाहिलंस आणि काही न बोलता तिला आपल्या घरी नेलंस. तुझ्या गोल टेबलावर जमिनीपर्यंत लोळणारं जाड कापड, त्याच्या आत शेगडी, आणि त्या कापडात पाय खुपसून बसलेली तुम्ही दोघी. तिचे पाढे स्पॅनिशमध्ये तिथेच पाठ झाले.

त्या हिवाळ्यात तू मला सगळ्यात आधी नंबर लावायला शिकवलंस. ऐकणाऱ्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल. पण आरोग्य केंद्रात गेले की समोर रांगच नसायची. बायका बाकांवर, दारात, पायरीवर कुठेही बसलेल्या. मी भिंतीला टेकून उभी राहायचे आणि माझ्यामागून आलेल्या माझ्याआधी आत जायच्या. दोनदा मी तशीच घरी परत आले. हे लोक मला मोजतच नाहीत, असं वाटून रडले. तिसऱ्या वेळी तू बरोबर आलीस. दारातच मोठ्याने विचारलंस, “शेवटची कोण?” कोपऱ्यातली एक बाई म्हणाली, “मी.” तू माझ्याकडे बोट दाखवलंस: “आता ही.” झालं. इथे रांग डोळ्यांना दिसत नाही, तरी ती प्रत्येकाच्या डोक्यात पक्की असते, आणि तिच्यात शिरायचं तर तोंड उघडून शेवटचा माणूस शोधावा लागतो. पावाची गाडी भोंगा वाजवत येते तिथेही तेच, ओर्हिवाच्या गुरुवारच्या बाजारातही तेच. मला कोणी वगळत नव्हतं. मी नंबर मागितलाच नव्हता.

पण नंबराचा खरा धडा पाण्याचा होता.

आमच्या भाड्याच्या घराखाली तीन पायऱ्यांची शेतजमीन आहे. तिला असेकियाचं, म्हणजे पाटाचं पाणी आहे. ‘असेकिया’ हा शब्द अरबी. इथले पाट मुसलमानी राजवटीच्या काळातले. तू मला सांगितलं होतंस की 1568 च्या बंडानंतर मोरिस्को, म्हणजे बळाने ख्रिस्ती केलेल्या मुसलमान लोकांना इथून हाकललं, उत्तरेकडून नवी माणसं आणून वसवली, आणि त्या नव्या माणसांना पाणी कसं फिरवायचं ते दाखवायला प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबं ठेवून घेतली, असं सांगतात. ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. बाकीचं गाव हद्दपार झालेलं, आणि राहिलेल्या दोन घरांनी परक्यांना आपलं पाणी समजावून सांगायचं. ते कसे बोलले असतील?

पहिल्या उन्हाळ्यात, जुलै 2024 मध्ये, माझ्या हातून चूक झाली. अंदालुसियातल्या लांबलेल्या दुष्काळाचे दिवस होते. माझे टोमॅटो माना टाकत होते, आणि वरून पाट खळाळत चालला होता. मला वाटलं, वाहतंय तर घ्यावं. मी लोखंडी पाटी उचलून पाणी आमच्या वाफ्यात वळवलं. दहाच मिनिटांत खालच्या मळ्यातले एक गृहस्थ फावडं घेऊन वर आले आणि मला एकही शब्द कळणार नाही अशा वेगाने बोलायला लागले. तू चपलाही न घालता धावत आलीस. आधी पाटी बसवून पाणी पुन्हा खाली सोडलंस, मग त्यांचं सगळं ऐकून घेतलंस, आणि शेवटी म्हणालीस, “चूक हिची नाही, माझी. मी हिला तास सांगितले नव्हते.” तू सांगितले होतेस, आजी. मलाच भाषा कळली नव्हती. ते तुला माहीत होतं आणि मलाही.

दुसऱ्या दिवशी तू मला असेकिएरोकडे, म्हणजे इथल्या पाटकऱ्याकडे नेलंस. त्याच्या वहीत आमच्या जमिनीचा वाटा तिथे आधी राहणाऱ्याच्या नावावर होता आणि तीन वर्षं कोणी वापरलेला नव्हता. तू तो आमच्या नावावर लिहून घेतलास: मंगळवारी सकाळी सहा ते साडेसात, तुझ्या लगेच मागून. तेव्हापासून मंगळवारी पहाटे तुझ्या फावड्याचा आवाज हाच माझा गजर. तुझा वाफा भरला की तू वरून हाक मारायचीस, “चिकिया, आग्वा!” पोरी, पाणी!

त्या संध्याकाळी मी पुण्याला वडिलांना फोन केला. पाटकरी, पाळी, दारं धरणं हे शब्द लहानपणी कानावर पडलेले, म्हणून सहज विचारलं. वडील खूप वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तुझे आजोबा बारेकरी होते.” साक्रीकडे पांझरेच्या काठी आमचं मूळ गाव. तिथे फड पद्धत: नदीवर बंधारा, त्यातून कालवा, चाऱ्या, आणि प्रत्येक फडाला ठरल्या पाळीने पाणी देणारा बारेकरी. वडिलांनी अठराव्या वर्षी गाव सोडलं आणि हे आम्हाला कधी सांगितलंच नाही. मी पुण्यात नळाच्या पाण्यावर वाढले. माझ्या आजोबांचं काम काय होतं ते मला स्पेनमध्ये, शेजारच्या मळ्याचं पाणी चोरल्यावर कळलं.

वडील मार्च 2025 मध्ये इथे आले. दुष्काळ फिटावा असा पाऊस तो महिनाभर कोसळत होता, आणि पावसाच्या दिवशी तुमच्याकडे मिगास करतात. तू त्यांच्यासाठी सॉसेज वगळून रव्याचे मिगास केलेस, भरपूर लसूण आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या घालून. वडिलांनी एक घास खाल्ला आणि म्हणाले, “हा तर सांजा.” मग ते उठून तुझ्या घराचं छप्पर बघत राहिले. तुळयांवर दगडी फरश्या, फरश्यांवर राखाडी ‘लाउना’ माती. त्यांनी ती चिमटीत घेतली, चुरली, वास घेतला. खानदेशात धाब्याच्या घरावर पांढरी माती टाकतात. पावसाळ्याआधी ती चोपून काढायचं काम त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडे होतं. तुमच्या दोघांत एकही समान भाषा नव्हती, तरी छपराची गळती कुठे होते आणि कशी बुजवायची यावर तुम्ही अर्धा तास बोललात. मी भाषांतर करायला उभी होते. माझी गरज पडली नाही.

आणि मग 25 एप्रिल. तू आठवडाभर आधी बजावलं होतंस की सान मार्कोसला घरात बसायचं नसतं, सगळं गाव रानात जातं. पहाटे तू ओर्नासो भाजलेस. तेल घातलेली, बडीशेपेच्या वासाची भाकरी, वर अख्खं अंडं, आणि ते हलू नये म्हणून कणकेच्या दोन पट्ट्यांची फुली. आम्ही पाटाकाठच्या वाटेने वर निघालो. तू काठी टेकत पुढे, वडील मागे. थांबे तू ठरवलेस: आंब्याएवढ्या जाड खोडाच्या चेस्टनटखाली पहिला, झऱ्याशी दुसरा.

त्या झऱ्याशी तू वडिलांना जे दाखवलंस ते मी जन्मभर विसरणार नाही. तू वरच्या बर्फाकडे बोट केलंस, मग उताराने आडव्या जाणाऱ्या एका जुन्या पाटाकडे, मग जमिनीकडे, आणि शेवटी झऱ्याकडे. वरचे ‘कारेओ’चे पाट पिकाला पाणी देतच नाहीत. वितळलेल्या बर्फाचं पाणी ते मुद्दाम मुरमाड जागी नेऊन सोडतात. तिथे ते जिरतं आणि आठवड्या-महिन्यांनी खालच्या झऱ्यांतून, ऐन उन्हाळ्यात, वर येतं. मी समजावून सांगायच्या आतच वडील म्हणाले, “पाणी अडवा, पाणी जिरवा.” सरकारी भिंतींवर आयुष्यभर वाचलेली ओळ त्यांनी हात जोडून म्हटली. तू विचारलंस ते काय म्हणाले. मी सांगितलं. तू ते मराठी शब्द दोनदा म्हणून बघितलेस.

जेवण झाल्यावर तू आम्हाला सैतान बांधायला लावलंस. रेताम नावाच्या झुडपाची हिरवी फांदी घ्यायची, न तोडता तिची गाठ मारायची, म्हणजे वर्षभर सैतान जागचा हलत नाही. लेकीने सात गाठी मारल्या. वडिलांनी एकच मारली, पण फार सावकाश. सान मार्कोस या भागात जनावरांचाही राखणदार, हे ऐकल्यावर त्यांना पोळा आठवला. तुझे यजमान दर वसंतात ऊसतोडीला मोत्रिलच्या किनाऱ्यावर उतरायचे, हे तू तिथेच सांगितलंस. तिकडचा शेवटचा साखर कारखाना 2006 मध्ये बंद पडला, आता त्या जमिनीवर अ‍ॅव्होकाडो आणि इमारती. वडिलांनी विचारलं, “कोयता कसा असायचा?” तू मातीत काठीने कोयता काढून दाखवलास.

परत येताना मी तुला विचारलं होतं, तू आमच्यासाठी एवढं का करतेस. तू म्हणालीस की साठच्या दशकात तू जर्मनीत कारखान्यात कामाला गेली होतीस, एकोणीस वर्षांची. पहिल्या सकाळी बसथांब्यावर बर्फात उभी होतीस आणि कुठली बस ते कळत नव्हतं. एका इटालियन बाईने तुझा हात धरून तुला बसमध्ये चढवलं. तिचं नाव तुला कधीच कळलं नाही. एवढं सांगून तू वाटेच्या कडेचे रानटी शतावरीचे कोंब खुडायला वाकलीस आणि विषय संपला.

ती बाई जिथे असेल तिथे हे पत्र तिचंही आहे.

आता गावची खबर. पाट साफ करायच्या दिवशी तुझ्या वाट्याचे मीटर आम्ही दोघांनी काढले. खालच्या मळ्यातले ते गृहस्थ आपणहून फावडं घेऊन मदतीला आले. तुझी साडेचार ते सहाची पाळी मीच चालवते आहे. असेकिएरोने वहीत तसं लिहिलं आहे, पण वाटा तुझ्याच नावावर. आता मी वाफा भरला की वरून हाक मारायला कोणी नसतं, म्हणून लेक खिडकीत उभी राहून ओरडते, “आई, आग्वा!” तुझ्या आबासच्या, म्हणजे बाकल्याच्या, शेंगा यंदा बोटाएवढ्या जाड झाल्यात. बटाटे फुलावर आलेत. परवा रानात तुझ्या नावाची गाठ लेकीने मारली आणि फोटो तुझ्या लेकीला पाठवला आहे. वडिलांनी फोनवरून दोनदा विचारलं की झऱ्याला पाणी किती. मी सांगितलं, पुष्कळ.

3 मेला, क्रुसाच्या दिवशी, आम्ही सकाळच्या बसने ग्रानादाला येतो आहोत. लाल कार्नेशनचे क्रूस बघायला तुला खुर्चीतून चौकापर्यंत न्यायचं तुझ्या लेकीशी बोलून ठरवलं आहे. क्रुसापुढे कात्री खोचलेलं सफरचंद का ठेवतात, ते मला तुझ्या तोंडून परत ऐकायचं आहे. ते फळ म्हणजे ‘पेरो’, ‘पेरो’ म्हणजेच ‘पण’, आणि कोणी नावं ठेवायला ‘पण’ म्हणालं की कात्री तयार. मी सांगते तेव्हा लेकीला ते पटत नाही.

शेंगा मी त्याच सकाळी तोडून आणेन. खारी चपटी भाकरी तुमच्या कोपऱ्यावरच्या बेकरीतली घेऊन ठेव, आणि तिथे गेलीस की आमचाही नंबर लाव.

तुझी,
खालच्या घरातली शेजारीण