शेल तेलाचा हिशेब पिंपाने नको, डिझेलने करा: केंद्रीय पेट्रोलियम मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री महोदय,
पेट्रोलियम व नैसर्गिक वायू मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: शेल तेलापासून मिळणारे डिझेल व औद्योगिक भट्ट्यांचे इंधन यांबाबत.

महोदय,

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीत बॉयलर व भट्ट्यांचे बर्नर बसवणे आणि त्यांची देखभाल करणे हा माझा व्यवसाय आहे. शेल तेलाच्या, म्हणजे शेल नावाच्या थराथरांच्या खडकातून काढलेल्या तेलाच्या, आयातीची चर्चा होते तेव्हा पिंपाचा भाव आवर्जून सांगितला जातो. मात्र त्या पिंपातून डिझेल किती आणि भट्टीत जाळण्याजोगे तेल किती निघणार, याचा उल्लेख क्वचितच होतो. गळीत हंगामात ऊस ओढणारे ट्रॅक्टर, द्राक्षे आणि बेदाणा बाहेरगावी नेणारे ट्रक, रस्त्याच्या कामावरची यंत्रे, या जिल्ह्याचे सारे डिझेलवर चालते. देशातही पेट्रोलियम पदार्थांच्या एकूण खपात सुमारे 40 टक्के वाटा एकट्या डिझेलचा आहे.

अमेरिकेचे कच्चे तेल ऑक्टोबर 2017 मध्ये पारादीपला उतरले, तेव्हापासून ते आपल्या रिफायनऱ्यांत येत आहे. त्यातील टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यासारख्या शेल क्षेत्रांतले, खडकात तयारच सापडणारे तेल हलके असते आणि त्यात गंधक सहसा अर्ध्या टक्क्याहूनही कमी असते. हा गुण खराच आहे, पण हलक्या तेलातून वरच्या थरात नाफ्था, म्हणजे पेट्रोलसारखा हलका भाग, भरपूर निघतो आणि जड गाळ थोडाच उरतो. आपल्या अनेक मोठ्या रिफायनऱ्या आखातातले मध्यम, गंधकयुक्त तेल गृहीत धरून उभारलेल्या आहेत. तिथे केवळ हलके तेल चढवले तर तेल तापवून त्याचे भाग वेगळे करणाऱ्या ऊर्ध्वपातन मनोऱ्याच्या माथ्यावर ताण येतो आणि जड भागाचे डिझेल करणाऱ्या खालच्या संयंत्रांना पुरेसा माल मिळत नाही. नाफ्थ्याचे पेट्रोल होते, प्लास्टिकचा कच्चा माल होतो. डिझेल मात्र त्यातून स्वस्तात होत नाही. म्हणून हे तेल जड तेलात मिसळतात. तिथेही प्रमाण चुकले तर दूध नासावे तसे जड तेलातले अ‍ॅस्फाल्टीन, म्हणजे डांबरासारखे घटक, वेगळे होऊन खाली बसते आणि उष्णता-विनिमयकांच्या, म्हणजे तेल तापवणाऱ्या-निववणाऱ्या यंत्रांच्या, नळ्या चोंदतात. बर्नरच्या नोझलमध्ये असा चिकट थर मी पाहत आलो आहे, त्यामुळे रिफायनरीतील अभियंत्यांची अडचण मला परकी वाटत नाही. या तेलाचे डिझेल पेटायला उत्तम असते, परंतु त्यात मेण अधिक असल्याने थंडीत ते गोठू नये म्हणून आणखी एक प्रक्रिया करावी लागते.

शेल तेलाचा दुसरा प्रकार याहून कठीण आहे. त्यात खडकामध्ये तयार तेल नसतेच. केरोजेन नावाचा घन सेंद्रिय पदार्थ असतो आणि खडक सुमारे 500 अंश सेल्सिअसपर्यंत हवेविना तापवला की त्याचे तेल होते. स्कॉटलंडमध्ये हा उद्योग एकोणिसाव्या शतकात उभा राहिला आणि 1962 मध्ये बंद पडला. एस्टोनियात तो आजही चालतो. तिथल्या तेलाचा बराचसा भाग भट्ट्यांसाठी आणि जहाजांच्या इंधनात मिसळण्यासाठी जातो, ही गोष्ट मला बोलकी वाटते. भट्टीत जाळायला ते चालते, पण डिझेल करायचे म्हटले की खर्च सुरू होतो. अमेरिकेच्या ग्रीन रिव्हर खडकातून काढलेल्या तेलात नत्राचे प्रमाण 2 टक्क्यांच्या आसपास असते, शिवाय आर्सेनिकचा अंशही असतो. शुद्धीकरणाची रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या उत्प्रेरकाला दोन्ही घातक आहेत. त्यातली असंतृप्त संयुगे साठवणुकीत चिकट राळ तयार करतात. त्यामुळे उच्च दाबाखाली पुष्कळ हायड्रोजन देऊन हे तेल आधी स्थिर करावे लागते, आणि तो हायड्रोजन आपल्याकडे मुख्यतः नैसर्गिक वायूपासून बनतो, जो आपण मोठ्या प्रमाणात आयात करतो. आसामात कोळशाच्या थरांलगत असा खडक आहे. तिथे कोणी प्रकल्प मांडला तर हायड्रोजनचा खर्च वेगळा दाखवल्याशिवाय त्याला मंजुरी देऊ नये, अशी माझी विनंती आहे.

आता भट्ट्यांविषयी. साखर कारखाने बगॅसवर, म्हणजे उसाच्या चिपाडावर, चालतात, त्यांना भट्टीच्या तेलाच्या प्रश्नाची फारशी झळ नाही. डांबर प्लांट आणि लहान बॉयलर फर्नेस ऑइल (भट्टीत जाळायचे जड तेल) किंवा एलडीओ (लाइट डिझेल ऑइल) जाळतात. 1 एप्रिल 2020 पासून वाहनांच्या डिझेलमध्ये गंधक दशलक्षात 10 भागांपर्यंतच चालते. फर्नेस ऑइलमध्ये मात्र ते साडेतीन टक्क्यांच्या घरात, म्हणजे दशलक्षात 35,000 भाग, असू शकते. त्याची किंमत चिमणीच्या धुरात आणि गंजलेल्या पत्र्यात मोजावी लागते. सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उत्तर प्रदेश, हरियाणा व राजस्थानात फर्नेस ऑइलच्या वापरावर बंदी घातली, त्याचे कारण दिल्लीची हवा होते. सांगली-साताऱ्याने तशी वेळ येण्याची वाट का पाहावी? हलक्या शेल तेलातून उरणारा थोडा पण कमी गंधकाचा गाळ भट्टीत जाळण्याच्या कामी येऊ शकतो. तो जास्त गंधकाच्या गाळात मिसळून टाकला तर हा फायदा हातचा जातो.

म्हणून सार्वजनिक क्षेत्रातील तेल कंपन्यांनी आयात केलेल्या शेल तेलातून किती डिझेल, किती नाफ्था आणि किती जड इंधन निघाले, हे मंत्रालयाने दर तिमाहीला प्रसिद्ध करावे. त्याचबरोबर औद्योगिक फर्नेस ऑइलमधील गंधकाची मर्यादा टप्प्याटप्प्याने 1 टक्क्यावर आणण्याचे वेळापत्रक जाहीर करावे आणि बर्नर बदलण्यासाठी लहान कारखानदारांना किमान दोन वर्षांची मुदत द्यावी, ही विनंती.

आपला नम्र,
कुपवाड येथील एक बर्नर तंत्रज्ञ
जि. सांगली