ढोल दिसतो, पण वाजत नाही

संपादक महोदय,

विसर्जन मिरवणूक संपली की ढोलपथकांचे व्हिडिओ फोनाफोनांत फिरू लागतात. चित्र झकास, आवाज मात्र पत्र्यावर खडी ओतल्यासारखा. तो झाकायला वरून फिल्मी गाणं चिकटवतात आणि पथकाचा महिनाभराचा सराव मुका होतो.

फोन ढोलाच्या तोंडाशी नेला की माइकला तो दणका पेलत नाही. असा फाटलेला आवाज नंतर कितीही कमी केला तरी फाटलेलाच राहतो. म्हणून चित्रणासाठी जवळ जा, पण दुसरा फोन सोबत्याच्या हाती देऊन त्याला पंधरा-वीस मीटरवर उभं करा. त्यावर दीड-दोन मिनिटांचं वादन सलग घ्या, मध्ये थांबवू नका. संकलनात हा आवाज अखंड खाली ठेवायचा आणि चित्रं त्यावर बसवायची. १७ मीटरवर आवाज सेकंदाच्या विसाव्या भागाने उशिरा पोचतो, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम (स्थिर चित्रं) असलेल्या व्हिडिओत एक फ्रेमहून जास्त. टिपरू ढोलाला टेकल्याची फ्रेम शोधा आणि तो ठोका नेमका तिच्याखाली येईपर्यंत आवाज मागे सरकवा.

खरी फसगत पुढे होते. पथकाची लय चढत जाते, त्यामुळे दहा मिनिटांनी घेतलेले हात या आवाजावर बसत नाहीत आणि बघणाऱ्याला ते लगेच खटकतं. हातांचे क्लोजअप त्याच दोन मिनिटांतले वापरा. बाकी ठिकाणी ध्वज, ताशेवाल्याचा घामेजला चेहरा, गच्चीवरची गर्दी. तिथे ताल जुळवायचा प्रश्नच नाही. अशी प्रत्येक चौकट किमान दहा सेकंद न हलवता घ्या, झूम चिमटीने न करता दोन पावलं पुढे जाऊन.

रात्रीच्या रोषणाईत चित्रावर काळे पट्टे सरकतात, त्यात फोनचा दोष नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवे तिच्या तालावर लुकलुकतात, फोन मात्र बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर चालतो, म्हणून दोघांचा ताल जुळत नाही. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे सगळं हाताने ठरवायच्या सोयीत, शटर १/५० सेकंद ठेवा. २५ फ्रेमची सोय असेल तर तीही निवडा. आयफोनमध्ये ती ‘पाल’ या नावाने सेटिंगात दडलेली असते. मूर्तीच्या चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच थांबतो.

आणि व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर एवढं करून पोचतो तो चिरडलेलाच व्हिडिओ.

– एक वाचक, पुणे