करंडा खिशातच राहिला

वडगाव, बेळगाव
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

सहा महिने झाले, तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत. फोन होतो, पण तो ‘जेवलास काय’ आणि ‘पाऊस हाय काय’ एवढाच. आज लिहायला बसलो, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगितली तर ‘त्यात काय एवढं’ म्हणतील. तब्येत बरी आहे. साखर आटोक्यात, गुडघा होता तसाच.

पोरीची पत्रिका तुला मोबाईलवर मिळाली असेल. तिला निमंत्रण समजू नकोस. गुरुवारी आम्ही दोघं पुण्याला येतो आणि तुझ्या घराला चूलबंद आवतण देतो, म्हणजे घरातल्या सगळ्यांना. 1989 साली माझ्या लग्नाची पत्रिका तुला बुक पोस्टाने धाडली, तेव्हा तू दोन वर्षं बोलला नाहीस. लग्नाला आलास, जेवलास, पण बोलला नाहीस! तेव्हा मला तुझा राग आला होता. ‘पत्ता बरोबर, तारीख बरोबर, मग बिघडलं काय?’ असं मी आपल्या गल्लीतल्या मास्तरला विचारलं होतं. काय बिघडलं ते मला या आठवड्यात कळलं.

आधी पत्रिकेचं सांगतो. जावई धारवाडचा, घरात कन्नड. पोरीने काठाला कसुती भरतकामाची नक्षी घेतली, तुळशी वृंदावनं आणि गोपुरं. विहीणबाई स्वतः इरकलीवर कसुती भरतात. त्यांनी पोरीला गवंतीचा टाका दाखवला. तो दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, सुलट कुठली नि उलट कुठली ते कळत नाही. पोरगी म्हणाली, “पप्पा, पत्रिका अशीच करूया. एका बाजूला मराठी, एका बाजूला कन्नड, उलटी बाजू कुठलीच नको.” तिला तिथेच जवळ घेतलं मी.

गावाच्या नावाची मला धास्ती होती. 2014 च्या 1 नोव्हेंबरपासून सरकारी कागदावर ‘बेळगावी’ झालंय, पण आपल्या दारातल्या कार्याला आपण ‘बेळगाव’च छापणार. हे कसं बोलावं या विचारात होतो तर व्याह्यांचाच फोन. “तुमच्या बाजूला तुमचं नाव, आमच्या बाजूला आमचं.” मास्तर आज हयात असता तर व्याह्याला आधी मिठी मारली असती आणि मग सीमाप्रश्नाच्या महाजन अहवालावर तासभर भांडला असता.

त्यांच्या बाजूला शेवटी ‘आशीर्वादवे उडुगोरे’ आहे, म्हणजे आशीर्वाद हीच भेट. आपण ‘आहेर स्वीकारला जाणार नाही’ लिहितो, ते दारावर पाटी ठोकल्यासारखं वाटतं. म्हणून मी आपली ओळ बदलून घेतली, ‘आपले आशीर्वाद हाच आहेर’. ही ओळ लक्षात ठेव, पुढे तिचं काम आहे.

पोरीशी एकदाच वाजलं. तिने मोबाईलवर एक फॉर्म केला, किती जण येणार ते भरून पाठवायचं. मी म्हटलं, ‘येणार का?’ असं विचारलं की बोलावणं अर्धं मागे घेतल्यागत होतं, आपल्याकडे असं विचारत नाहीत. तिचं म्हणणं, ताटं मोजून सांगितली नाहीत तर अन्न वाया जातं. मांड्यांचा बेत आहे, आणि मांडे उरले तर जीव तुटतो, तेव्हा तिचंही खोटं नव्हतं. शेवटी ठरलं, फॉर्म तिच्या मैत्रिणींना आणि ऑफिसातल्यांना. वडीलधाऱ्यांकडे आम्ही जायचं आणि ताटं अंदाजाने धरायची.

आता खरी गोष्ट. मंगळवारी पहिली पत्रिका गणपतीपुढे ठेवली, दुसरी सौंदत्तीला यल्लम्माला पाठवली. कोपऱ्यांना हळद लावायला पोरगी स्वतः बसली होती. मग ही आणि माझी थोरली बहीण कुंकू-अक्षता घेऊन गल्लीत निघाल्या. बावीस घरं केली. मास्तरचं घर वगळलं.

मला पत्ताच नव्हता. रात्री मोबाईल बघितला. पोरीने सगळ्यांना एकदम पाठवलेली पत्रिका मास्तरच्या बायकोला, वहिनींनाही गेली होती आणि त्यांचं उत्तर आलं होतं. दोन जोडलेले हात, आणि ‘अभिनंदन भावजी’.

हिला विचारलं, तर ही भिंतीकडे बघून म्हणाली, “कुंकू घेऊन गेलो होतो. त्यांना लावायचं कसं? आणि शेजारणीला लावून त्यांना नुसती पत्रिका द्यायची, ते माझ्याने होईना. म्हणून पुढे गेलो.” हिच्या मनात वाईट काही नव्हतं, म्हणून तर मला भांडताही येईना. पण मित्रा, पाटीवर ‘श्री’ कुणी गिरवून घेतला पोरीकडून? ही आजारी होती तेव्हा पोरीची वेणी चार महिने कुणी घातली? तुला सांगायला नको.

हेरवाड काही लांब नाही, शिरोळ तालुक्यातलं, आपल्या सीमेजवळचं. 2022 च्या मे महिन्यात त्या गावाने ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. पाठोपाठ महाराष्ट्र सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींसाठी परिपत्रकही काढलं. तेव्हा पेपर हातात घेऊन मीच चहाच्या गाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवलं होतं. आणि माझ्याच घरातून हे झालं.

शुक्रवारी संध्याकाळी मी निघालो. हिला म्हटलं चल. “मी नाही. चार बायका बघतील, कार्य तोंडावर आहे,” म्हणाली. मी चप्पल घालत होतो, तेवढ्यात आत गेली आणि काही न बोलता चांदीचा करंडा माझ्या हातात ठेवला. तो मी शर्टाच्या खिशात टाकला. मनात ठरवलं, अक्षता देईन, करंडा पुढे धरीन, लावायचं त्या लावून घेतील.

वहिनी दारातच होत्या, तांदूळ निवडत. चहा टाकला. पत्रिका दोन्ही हातांनी घेतली, अक्षता पदरात घेतल्या. “मोबाईलवरची उघडलीच नाही हो माझ्याकडे, नुसतं चाक फिरतंय. बरं झालं तुम्ही आलात.” चष्मा लावून सगळी वाचली, मामांच्या नावापर्यंत. मग बोट ठेवलं. “भावजी, हे आर्शीवाद झालंय.”

खरंच! रफार ‘र्शी’वर यायच्या ऐवजी... बघ, मीसुद्धा लिहिताना चुकतोय. रफार ‘वा’वर पाहिजे, तो ‘शी’वर पडलाय. चारशे पत्रिका छापून आल्यात. मास्तर दर वर्षी पोरांना हाच शब्द दहा-दहा वेळा लिहायला लावायचा आणि तुला हमखास बाकावर उभा करायचा की नाही! वहिनी हसल्या. खूप दिवसांनी तसं हसताना बघितलं. मग कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. गल्लीतल्या ज्या ज्या पत्रिकांचा मजकूर मास्तरने लिहून दिला, त्यातली एक-एक त्यांनी जपून ठेवलीय. तुझीही आहे. कोपऱ्यावरची हळद अजून पिवळी आहे, चहाच्या डागासारखी झालीय पण आहे.

आणि माझी? तीही होती. बुक पोस्टाच्या उघड्या पाकिटासकट, तुझा पत्ता असलेली. म्हणजे तू ती रागाने मास्तरच्या अंगावर फेकून गेला होतास, आणि त्याने ठेवून दिली.

एवढं सगळं झालं, पण करंडा निघाला नाही. हात दोनदा खिशाकडे गेला. वाटलं, त्या ‘मला कशाला’ म्हणाल्या तर मी काय बोलू? उठलो. दारापर्यंत येऊन त्या म्हणाल्या, “हळदीला बसायला बोलवू नका हं, लोकांना आवडत नाही. मी जेवायला येईन.” हे वाक्य तीन रात्री झोपू देत नाही.

घरी येऊन हिला शब्दन् शब्द सांगितला. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “त्यांचा भाऊ म्हणून तुमचा मित्र उभा राहिला तर मी येते.” वहिनींचं लग्न तू जमवलंस, बोलणी करायला तू गेलास, ‘भाऊ’ म्हणतात त्या तुला. तुला ‘मला कशाला’ म्हणायच्या नाहीत.

तुझ्या धाकट्याला नोकरी लागली हे कळलं, आनंद झाला. डोळ्याचं ऑपरेशन लग्नाआधी नको, नंतरची तारीख घे. नव्या फ्लॅटचं आल्यावर बोलू.

मोबाईलवरच्या पत्रिकेतला शब्द पोरीने रात्रीतच सुधारला. कागदावरच्या मी पेनने दुरुस्त करतोय, शंभरेक झाल्यात. गुरुवारी येतो. शनिवारी परतताना तू आणि वहिनीसाहेब आमच्याबरोबर चला, आठ दिवस आधी आलात म्हणून कुणी काही म्हणत नाही. स्टँडवरून आधी तिकडेच जाऊ, मग घरी. करंडा अजून त्याच शर्टाच्या खिशात आहे, हिने तो शर्ट धुवायला काढलेला नाही.

तुझाच